अंगावर पाजताना वजन कसं उतरवायचं, आमच्या बेळगावकडच्या बाळंतिणींसाठी

बाळ अडीच-तीन महिन्यांचं आहे, वजन उतरेना, म्हणून रात्रीचं जेवण बंद केलंय असं मला गेल्या महिन्याभरात तिघींनी सांगितलं. एक वडगावची, एक खानापूरकडची, एक निपाणीची. तिघीही अंगावर पाजतात. म्हणून आज बाळ झोपल्यावर हे सगळं बसून लिहितेय, कारण पहिल्या बाळंतपणात मीपण हेच केलं होतं आणि त्याचा त्रास माझ्यापेक्षा माझ्या लेकीला जास्त झाला.

तेव्हा माझं वजन गरोदरपणात १४ किलो वाढलेलं. बाळंत झाल्यावर थोडं उतरलं, मग माहेरी सव्वा महिना राहून परत चढलं, आणि बारशाचे फोटो बघून मला रडू आलं. ओळखीतल्या एका बाईने पावडरचा डबा दिला, दोन वेळचं जेवण सोडायचं आणि ते दुधातून प्यायचं. तीन आठवड्यांत ४ किलो गेले, मी खूष. पण जिना चढताना डोळ्यापुढं अंधारी यायला लागली, पोरगी सारखी रडायची, रात्रभर छातीला लावून बसायचे तरी तिचं पोट भरेना. लसीला नेली तर डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलंच नाही आधी, तायी कार्डावर (आई-बाळाच्या तपासणीच्या कार्डावर) पोरीच्या वजनाची रेघ बघितली. ती सरळ आडवी गेली होती. मग विचारलं, "तू काय खातेस गं?" मला सांगता येईना.

डबा बंद केला, जेवायला लागले, पोरीला दर दोन तासांनी पाजायला लागले, तेव्हा साधारण दहा-बारा दिवसांत दूध परत आलं. दुसऱ्या वेळी मात्र अकरा महिन्यांत ११ किलो उतरवले, एकही जेवण न सोडता. ते कसं केलं तेच सांगते. मी डॉक्टर नाही, पण दोन बाळंतपणं झालीत आणि दोन्ही वेळा डॉक्टर, आशाताई, फिजिओथेरपीवाल्या ताई यांना विचारून विचारून हैराण केलंय.

पहिल्यांदा हे समजून घ्या की दूध फुकट तयार होत नाही. १०० मिली आईच्या दुधात साधारण ६५ ते ७० कॅलरी असतात आणि फक्त अंगावर पिणारं बाळ दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास पितं, म्हणजे ५०० कॅलरी तुमच्या अंगातून रोज बाळाकडे जातात, आणि ते तयार करायला शरीराला वर आणखी ताकद लागते ती वेगळीच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं म्हणणं आहे की पहिले ६ महिने पाजणाऱ्या बाईने नेहमीपेक्षा ६०० कॅलरी जास्त खाव्यात, पुढचे ६ महिने ५२०. आता हिशोब बघा. एका बाजूला पाजण्यानेच रोज एवढं खर्च होतंय, गरोदरपणात साठलेली चरबीपण शरीराने याचसाठी ठेवलेली असते, मग जेवण तोडायची गरजच कुठं आहे? ६०० च्या जागी १२०० जास्त जातात तिथं अडतंय, आणि ते कुठून जातात हे खाली सांगते, आपल्या सगळ्यांच्या घरात एकच जागा आहे ती.

पहिले सहा आठवडे वजनाचं नावच काढायचं नाही

बाळ, वार आणि पाणी मिळून बाळंतपणाच्या दिवशीच ५-६ किलो जातात. पुढच्या आठवड्या-दोन आठवड्यांत अंगावरची सूज आणि पाणी घाम-लघवीतून जातं, तेव्हा आणखी थोडं. पिशवी आपल्या मूळ आकाराला यायला साधारण ६ आठवडे लागतात, म्हणून तोवर पोट पुढंच दिसणार, ती चरबी नव्हे. टाके भरायचे असतात, रक्त गेलेलं असतं, दूध बसायचं असतं. या दिवसांत कमी खाल्लं तर दूध बसायलाच अडचण होते. काटा कपाटावर ठेवून द्या.

एवढं मात्र करता येतं, तेसुद्धा पडल्या पडल्या. पोट फुगवून खोल श्वास घ्यायचा, सावकाश सोडायचा. पावलं वर-खाली हलवायची म्हणजे पायात रक्त साकळत नाही. आणि लघवी रोखून धरल्यासारखं खालून आवळायचं, ५ सेकंद धरायचं, सोडायचं, असं १० वेळा, दिवसातून तीनदा. लघवी करत असताना हे करू नका, एरवी करा. बाळंतपणानंतर शिंकताना, खोकताना थेंब जातो ते बायका कुणाला सांगत नाहीत, वर्षानुवर्षं तशाच राहतात, त्याला हाच व्यायाम उपयोगी पडतो. बाळाला पाजायला बसलं की करायचं अशी सवय लावून घ्या म्हणजे विसरत नाही. सिझर झालं असेल तर डॉक्टर म्हणतील तेव्हापासून सुरू करा, आणि बाळापेक्षा जड काही उचलू नका, पाण्याची कळशी, गॅसची टाकी, मोठं पोर, काहीच नाही.

सव्वा महिन्याचं स्वयंपाकघर

आता ती जागा. माहेरचं स्वयंपाकघर. आई किती जीव लावून करते ते मला माहीत आहे, डिंक तळायचा, खारीक कुटायची, खोबरं भाजायचं, अळीव, गूळ, खसखस, पाच-सहा किलो लाडू डब्यात भरून ठेवायचे. आमच्या शेजारच्या कन्नड आज्जी त्याला अंटिन उंडी म्हणतात, बाणंतीला दिल्याशिवाय त्यांनाही चैन पडत नाही. लाडू वाईट नाहीच. पण मध्यम आकाराचा, साधारण ४० ग्रॅमचा एक लाडू धरला तर २०० च्या आसपास कॅलरी होतात. सकाळी दोन दुधाबरोबर, चार वाजता एक. झाल्या ६०० कॅलरी, म्हणजे पाजणाऱ्या बाईला जे जास्तीचं लागतं ते सगळं तीन लाडवांतच संपलं. त्यावर तूपभात, त्यावर शिरा, त्यावर अळीवाची खीर, आणि दिवसभर पडून. वजन तिथं चढतं. शिवाय एवढं खाऊन भाजी नाही, डाळ नाही ("गॅस होईल"), फळ नाही ("थंड पडेल"), पाणी मोजून. मग शौचाला त्रास, टाक्यांवर ताण, आणि दुधासाठी जे प्रोटीन, कॅल्शियम लागतं ते कमीच.

दुसऱ्या वेळी मी आईला लाडू नको म्हटलं नाही. नको म्हटलं की वाद होतो, आईला वाईट वाटतं, आणि शेवटी आपण खातोच. मी म्हटलं, "आई, लाडू एकच दे, सकाळी, पण रोज दे. चार वाजता मला हुलग्याचं माडगं कर नाहीतर अंडं उकडून दे." आईने दोन दिवस तोंड वाकडं केलं. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाली तुझ्या आज्जीने मला हुलगेच घातले होते की. आत्यांचंही, म्हणजे माझ्या सासूबाईंचंही तसंच, तूप वाढताना त्या वाटीच उपडी करतात, तर मी आधीच ताटात एक चमचा तूप स्वतः घालून घ्यायचे आणि सांगायचे घेतलंय ओ आत्या, बघा. एका चहाच्या चमच्याभर तुपात ४५ कॅलरी असतात, दिवसाला दोन-तीन चमचे काही जास्त नाहीत. तुपाने दूध वाढत नाही हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. बाळ जितकं ओढतं आणि छाती जितकी रिकामी होते तितकं दूध तयार होतं, रात्रीचं पाजणं तर सोडायचंच नाही कारण दूध तयार करणारं हार्मोन रात्री जास्त असतं.

पाणी तोडू नका, कुणीही सांगितलं तरी. दर वेळी पाजायला बसताना शेजारी तांब्या-भांडं ठेवायचं. पोट सुटू नये म्हणून पाणी कमी, या गोष्टीला काहीच आधार नाही. पोट बांधायचं असेल तर सैलसर, कमरेला आधार वाटेल एवढंच, त्याने चरबी जात नाही, आणि करकचून बांधलं तर सगळा दाब खाली येतो, पिशवीच्या बाजूला, जिथं आधीच सैल पडलंय. आणि वजनाशी याचा संबंध नाही तरी लिहितेच, कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून शेक-धुरी घेऊ नका. त्या धुरातला विषारी वायू दिसत नाही, त्याचा वासही येत नाही, आणि बाळ त्याच खोलीत असतं.

ताटात काय

आपल्या भागात एकच ताट नाही. खानापूरकडे भात जास्त, अथणी-रायबाग-चिकोडीकडे जोंधळ्याची भाकरी, शहरात चपाती. जे घरात होतं तेच खायचं, वेगळं डाएट फूड आणू नका. फक्त ताटाचा अर्धा भाग भाजी-कोशिंबीर, पाव भाग डाळ-उसळ-अंडं-मासा, पाव भाग भाकरी-भात. आपलं ताट बहुतेक उलटं असतं, भाताचा डोंगर आणि कडेला चमचाभर भाजी.

माझा दिवस असा असायचा. उठल्यावर दूध, एक लाडू. नऊला नाचणीची आंबील किंवा दोन भाकरी-झुणका, कधी उप्पीट पण त्यात वाटाणा-गाजर भरपूर घालून. अकराला पेरू नाहीतर पपई, पिकलेली. दुपारी दोन भाकऱ्या, मेथी, शेपू नाहीतर पुंडीची भाजी, मोठी वाटी मटकीची उसळ, ताक, थोडासा भात. चारला अंडं किंवा मूठभर शेंगा भाजून. रात्री साडेसातला पुन्हा भाकरी, आमटी, भाजी. रात्री दोनला पाजताना भूक लागायची, खरीखुरी भूक, त्यासाठी उशाजवळ डब्यात फुटाणे आणि एक केळं. आधी मी तिथं खारी-बटर ठेवायचे, चार-चार जायचे अंधारात, कळायचंही नाही.

नेहमीच्या जेवणावर जास्तीच्या ६०० कॅलरी म्हणजे किती हे डोळ्यापुढं यावं म्हणून सांगते: एक भाकरी, एक वाटी उसळ, एक ग्लास दूध, एक अंडं आणि छोटी मूठ शेंगदाणे. एवढंच. आणि ज्याला अंडं चालत नाही त्याने डाळ, ताक, पनीर वाढवायचं. रविवारी मटण असेल तर खा, पण रश्श्यावरचा कट बाजूला काढा. गोव्याकडून बांगडा-तारली येते ती उत्तम, तळण्यापेक्षा आमटी करा.

अंगणवाडीत नाव घाला, लाजू नका. कर्नाटकात २ ऑक्टोबर २०१७ पासून मातृपूर्ण योजना आहे, गरोदर बायकांना आणि बाळंतिणींना अंगणवाडीतून शिजवलेलं जेवण मिळतं, भात, सांबार, भाजी, अंडं, दूध, शेंगदाण्याची चिक्की. शहरातल्या बायका जात नाहीत, गावाकडे जातात, आणि ते ताट माझ्या माहेरच्या लाडवापेक्षा पाजणाऱ्या बाईला जास्त कामाचं आहे असं मला अगदी मनापासून वाटतं. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात, कॅल्शियमच्याही ६ महिने, आशाताई देतात. दोन्ही एकदम घेऊ नका, आणि लोहाची गोळी चहाबरोबर तर नाहीच, लिंबूपाण्याबरोबर घ्या. रक्त कमी असलं की माणूस चालतच नाही, मग वजन कुठून उतरणार.

आता चहा. आपल्याकडे पाहुणा आला की चहा, बाळ बघायला रोज चार पाहुणे, आणि बाळंतिणीलाही कप. एका कपात दोन चमचे साखर धरली तर पाच कपांत दहा चमचे, ४० ते ५० ग्रॅम साखर, दीडशे-दोनशे कॅलरी नुसत्या. गूळ घातला तरी तेवढंच, गुळाने वजन वाढत नाही ही समजूत चुकीची आहे. दोन कपांवर या, कारण चहा-कॉफीतलं कॅफिन थोडं दुधातूनही जातं आणि काही बाळं झोपत नाहीत. बाळ बघायला येणारे कुंदा आणतात, करदंट आणतात. मी एक तुकडा खायचे आणि डबा आत्यांकडे द्यायचे, त्या वाटून टाकायच्या.

उपवासाचं सांगते कारण हे फार जणी विचारतात. संकष्टी, एकादशी, श्रावणातले सोमवार, सौंदत्तीच्या यल्लम्माचा मंगळवार-शुक्रवार. निर्जळी उपवास पाजताना अजिबात नको. बाकीच्या उपवासांबद्दल माझ्या आत्यांनी स्वतः सांगितलं होतं की आईचं दूध पितं तोवर देवी काही मागत नाही, उपवास मी धरते तुझ्या वाटचा. घरात असं कुणी असेल तर विचारा, बहुतेक म्हातारी माणसं होच म्हणतात. धरायचाच असेल तर राजगिरा, दूध, शेंगदाणे, फळं नीट खा. साबुदाण्याची खिचडी वजन उतरवण्याचा उपवास नव्हे.

आणि हे बिलकुल करू नका: वजन उतरवायच्या गोळ्या, चरबी जाळणारे कॅप्सूल, पोट साफ करणारे चहा, कुणी झाडपाल्याचं म्हणून दिलेलं चूर्ण, पूर्ण भाकरी-भात बंद. "नैसर्गिक आहे" म्हटलं तरी ते दुधातून बाळाकडे जाऊ शकतं. भाकरी-भात पूर्ण बंद करून नुसतं पनीर-अंडी खाण्याचं जे फॅड आहे त्यात पाजणाऱ्या बाईच्या रक्तात आम्ल वाढून दवाखान्यात न्यावं लागल्याच्या केसेस झाल्यात, क्वचित असतं पण असतं, उलट्या, जोरजोराचा श्वास, खूप थकवा असं झालं तर घरी बसू नका. दिवसाला १८०० कॅलरीच्या खाली पाजणाऱ्या बाईने जाऊच नये असं मला डॉक्टरबाईंनी सांगितलंय, आणि मोजत बसायचं नसेल तर तीन जेवणं आणि तीन मधली खाणी सुटली नाहीत म्हणजे तुम्ही खाली जात नाही.

चालणं

सहा आठवड्यांची तपासणी झाली, डॉक्टर हो म्हणाले, की चालायला लागा. (घरातल्या घरात पाच-दहा मिनिटं तर आधीपासूनच, सिझरवालीनेसुद्धा.) पहिला आठवडा १० मिनिटं, मग १५, मग २०, असं अर्ध्या तासावर यायचं. आठवड्याला दीडशे मिनिटं हे लक्ष्य. चालता चालता बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये एवढा वेग. माझं ठिकाण बेळगावातलं वॅक्सिन डेपोचं मैदान, झाडं आहेत, सकाळी गार असतं, भरपूर बायका असतात. किल्ला तलावाकडे राहणाऱ्यांना तिथं. गावाकडे शेताची वाट आहेच. आणि आपल्याकडचा पाऊस, जून ते सप्टेंबर बाहेर पडता येत नाही, तेव्हा मी पडवीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचे, बाळ आत्यांच्या मांडीवर. त्या म्हणायच्या, "मी बघतो बाळाला, तू कर तुझं."

बाळाला पाजून मगच निघा, छाती हलकी असते आणि तासभर बाळ मागत नाही. आतून घट्ट आधार देणारी ब्रा घाला. व्यायामाने दूध आंबतं, बाळ पीत नाही, असं सांगतात ते खरं नाही, चालण्यासारख्या व्यायामाने दुधाला काही होत नाही. घाम पुसून पाजा इतकंच.

पोटाच्या व्यायामाची घाई करू नका. गरोदरपणात पोटाचे मधले उभे स्नायू दोन बाजूंना सरकतात आणि मध्ये फट पडते. ती अशी बघा: पाठीवर झोपा, गुडघे दुमडा, बेंबीजवळ बोटं आडवी ठेवा आणि डोकं थोडं उचला. दोन बोटांपेक्षा जास्त जागा लागली, किंवा मधे डोंगरासारखा उंचवटा येत असेल, तर पाठीवर झोपून डोकं-खांदे उचलत उठायचे (सिट-अपसारखे) पोटाचे व्यायाम करायचे नाहीत, त्याने फट वाढू शकते. फिजिओथेरपीवाल्यांना दाखवा. माझी तीन बोटांची होती. तीन महिने नुसता खोल श्वासाबरोबर बेंबी आत ओढायचा व्यायाम केला, वजन तेवढंच असताना पोट आत गेलं. म्हणजे इतके दिवस मी ज्याला चरबी म्हणत होते ती फट होती.

चालल्यावर अंगावरून जाणं परत लाल आणि जास्त झालं, टाक्यात दुखलं, चक्कर आली, एक पिंडरी सुजून दुखायला लागली तर थांबा आणि दाखवा. पिंडरीचं तर त्याच दिवशी.

दोन काटे

आठवड्यातून एकदा, सकाळी, रिकाम्या पोटी, एकाच काट्यावर आपलं वजन. पण त्याच्या आधी बाळाचं. पहिल्या तीन महिन्यांत बाळ आठवड्याला दीडशे ते दोनशे ग्रॅमच्या आसपास वाढायला हवं, आणि दिवसाला सहा किंवा जास्त लंगोट ओले व्हायला हवेत. बाळाची रेघ वर जातेय तर तुमचं चाललंय ते बरोबर. आडवी झाली तर तुमचं वजन कितीही छान उतरत असू दे, खाणं वाढवा आणि डॉक्टरकडे जा. अंगणवाडीत वजन करून मिळतं, आणि तपासणीला जायला २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना सरकारी साध्या बसला तिकीट नाही, तेव्हा तेही कारण नको.

तुमचा वेग महिन्याला १ किलो असला तरी उत्तम, २ किलो म्हणजे भरपूर, आठवड्याला अर्ध्या किलोच्या वर नको. २००० साली अमेरिकेत एक अभ्यास छापून आलाय, वजन जास्त असलेल्या आणि पाजणाऱ्या ४० बायकांचा. त्यातल्या निम्म्या बायकांनी बाळ महिन्याचं झाल्यावर दहा आठवडे खाणं ५०० कॅलरींनी कमी केलं आणि आठवड्यातून चार दिवस ४५ मिनिटं व्यायाम केला. आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरलं आणि बाळांच्या वाढीत फरक पडला नाही. त्या बायका वजनदार होत्या आणि सगळं देखरेखीखाली होतं हे लक्षात घ्या, पण अर्धा किलो चालतं हे त्यातून कळतं. जिचं वजन आधीपासूनच कमी आहे तिने काहीच उतरवायचं नाही, नुसतं चालायचं.

सगळं नीट करूनही तीन-चार महिने काटा हलत नसेल तर स्वतःला दोष देऊ नका, रक्त तपासा. बाळंतपणानंतर काही बायकांचं थायरॉईड बिघडतं, आधी वाढतं तेव्हा वजन झपकन उतरतं, मग कमी होतं तेव्हा चढतं, केस जातात, थंडी वाजते, उदास वाटतं. साधी टीएसएच तपासणी आहे. गरोदरपणात साखर वाढली होती त्यांनी बाळंतपणानंतर ६ ते १२ आठवड्यांत साखरेची तपासणी परत करायचीच, बहुतेक जणी विसरतात. आणि पाळणा लांबवायचं, दर तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन चालू असेल तर काहींचं त्याने वजन वाढतं, डॉक्टरांना सांगून दुसरा उपाय विचारा, पण तोवर स्वतःहून बंद करून बसू नका.

झोपेबद्दल काय लिहू. "बाळ झोपलं की झोप" असं सगळे सांगतात आणि तेव्हाच धुणं, भांडी, पाहुणे असतात. तरीपण दुपारचा एक तास मागून घ्या, नवऱ्याकडे, सासूकडे, ज्याच्याकडे मिळेल त्याच्याकडे. अपुऱ्या झोपेत गोड खावंसं जास्त वाटतं, मी बघितलंय, रात्र वाईट गेली की दुसऱ्या दिवशी साखरेचा डबा हातात. आणि दोन आठवड्यांच्या वर सारखं रडू येत असेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, आपल्या शरीराची किळस वाटत असेल, तर ते वजनाचं दुखणं नाही, त्याला औषध आहे. १४४१६ हा टेली मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट, रात्री-अपरात्री लागतो, मराठीतही बोलता येतं आणि कन्नडमध्येही. पहिल्या वेळी मला हे माहीत असतं तर मी पावडरच्या डब्याकडे गेलेच नसते.

सहा महिने झाले की बाळाला वरचं चालू होतं, दूध थोडं थोडं कमी होत जातं, पाजणं मात्र दोन वर्षांपर्यंत चालू ठेवता येतं. आता तुमचं खाणंही त्या मानाने एक भाकरी कमी व्हायला पाहिजे, आणि बऱ्याच जणींचं इथंच उलटं होतं. बाळाने अर्धी वाटी खिमट टाकली की ती आई पुसून खाते, तुपाची असते, टाकवत नाही. दिवसातून तीन-चार वेळा असं होतं. त्यासाठी मी बाळाला मोठी वाटी देणं बंद केलं, दोन चमचे वाढायचे, मागितलं तर परत दोन चमचे, आणि उरलंच तर ते दारातल्या मांजरीला.